ओतताना ‘थांब’ म्हणायचं नाही

आमच्या फाउंड्रीत एक शब्द तोंडातून काढायला बंदी होती. शिव्या चालायच्या. सुपरवायझरवर रचलेली गाणी चालायची. पण वितळलेलं लोखंड साच्यात ओतणं सुरू असलं की ‘थांब’ म्हणायचं नाही. कुणाला हाक मारायची असली तर ‘ए, इकडं बघ’ म्हणा, चहा आला असला तर शिट्टी मारा. ‘थांब’चा अर्थ तिथं एकच होता: कुणीतरी भाजतंय, असाल तिथून मागं सरा.

हा नियम कुणी भिंतीवर लावला नव्हता. लोखंडाची धार एकदा साच्यात सोडली की साचा भरेपर्यंत ती तुटू द्यायची नसते, त्यातून तो आला होता. क्षणभर हात अडखळला तरी आधी गेलेलं लोखंड वरून गार होतं आणि मागून आलेलं त्याच्यात मिसळत नाही. माल बाहेरून चांगला दिसतो, आत मात्र सांधा राहतो. आम्ही गाड्यांच्या ब्रेकचे भाग ओतायचो, त्यामुळं असा सांधा कुठं आणि कधी उघडेल याचा विचार कुणी मोठ्यानं करत नसे. धार तुटली की तो माल भंगारात, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

लोखंड धरायची बादली म्हणजे लॅडल. तिला दोन बाजूंना दांडे, दोन माणसांनी उचलायची. माझ्या टोकाला दुहेरी मूठ होती, तिनं लॅडल कलवायची. समोरच्या टोकाला साधा दांडा, तो चाचाच्या हातात. चाचा वयानं माझ्याहून थोडाच मोठा, पण सगळी फाउंड्री त्याला चाचाच म्हणायची. देहूरोडजवळच्या गावातलं जुनं मुसलमान घर त्याचं. बोली अशी अस्सल मावळी की आम्हा लातूरकडच्यांना सुरुवातीला अर्धं बोलणं डोक्यावरून जायचं. मी धारेकडं बघायचो आणि तो साच्याच्या दुसऱ्या भोकाकडं. एका भोकातून लोखंड आत जातं, साचा भरत आला की दुसऱ्यातून ते लाल डोकं वर काढतं. ते दिसलं की चाचा म्हणायचा, ‘‘आलं.’’ आणि मी लॅडल सरळ करायचो. तो नेहमी जरासं आधी म्हणायचा, कारण लॅडल सरळ होईपर्यंत धार येतच राहते. दोघांच्या मधे लोखंड धगधगत असताना एवढा एकच शब्द आम्हाला लागायचा.

‘थांब’ हा शब्द त्याच्या तोंडून मी तिथं एकदाच ऐकला. पत्र्यातून गळलेलं पाणी एका साच्यात उतरलं होतं आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी धार सोडली आणि साचा आतून गुरगुरला. चाचा ओरडला, ‘‘थांब!’’ मी लॅडल मागं ओढली. साच्यातून उडालेलं लोखंड माझ्या छातीवर यायचं ते पायावर आलं. आजही उजव्या पावलावर नाण्याएवढा गुळगुळीत डाग आहे. त्या दिवसानंतर तो शब्द माझ्या कानानं ऐकणं बंद केलं. तो थेट हातालाच ऐकू यायला लागला. रस्त्यात कुणी रिक्षाला ‘थांब’ म्हटलं तरी माझ्या हातातली पिशवी हिसका खायची.

पुढं फाउंड्री भोसरीतून चाकणला गेली. तिथं ओतायचं यंत्र आलं. खोटं कशाला बोलू, यंत्र उत्तम होतं. त्याचा हात कधी थरथरत नसे आणि त्याला घामही येत नसे. वर्षानुवर्षं भट्टीकडं बघून चाचाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तो घरी बसला. मला काचेच्या खोलीत पॅनेलसमोर बसवलं. हिरवा दिवा लागला की हिरवा दिवा लागलाय हे बघायचं. काही महिन्यांतच मी स्वेच्छानिवृत्ती मागितली.

घरी बसल्यावर मला कळलं की माझ्या हातांना ओतण्याशिवाय काहीच येत नाही. चहा कपात ओतायचो तो एका धारेत, काठोकाठ. हंड्यातून कळशीत पाणी ओतताना श्वास रोखून धरायचो. बायको म्हणायची, ‘‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. अहो, पाणी आहे ते! गार होऊन सांधा पडत नाही त्यात.’’ ती हसायची आणि मी चिडायचो. स्वभावच तसा आहे माझा. खरी गोष्ट रागाआड दडवता येते, म्हणून मी चिडतो. आतली गोष्ट अशी होती की मला भीती वाटायला लागली होती. आपला हात आता कुणालाच नको आहे, आणि हे असंच शेवटपर्यंत राहणार.

अशात पुनावळ्याला हायवेच्या बाजूला एक ब्रूअरी निघाली. बिअर तिथंच बनवायची, तिथंच नळाला लावायची आणि तिथंच लोकांनी प्यायची. त्यांना तळघरातले कॉम्प्रेसर, गॅसची नळकांडी आणि प्रेशर बघायला माणूस हवा होता. मी गेलो आणि लागलो. बायको म्हणाली, ‘‘जन्मभर लोखंड ओतलंत, आता दारू ओता.’’ मी म्हणालो, ‘‘मी तळघरात असतो, दारू वर असते.’’

बिअर बनवणारी होती एक कोकणातली मुलगी, माझ्या धाकट्या भावाच्या मुलीच्या वयाची. मी तिला मॅडम म्हणायचो, ती मला काका. तिच्या मनात एक काळी बिअर होती, स्टाउट. भाजलेल्या सातूची, दिसायला काळ्या कॉफीसारखी. या बिअरला तिनं माझ्याकडून नायट्रोजनची वेगळी लाइन टाकून घेतली. मला ते पटेना. आमच्याकडं नायट्रोजन म्हणजे शत्रू होता. लोखंडात तो शिरला की गार झालेल्या मालात टाचणीनं टोचल्यासारखी बारीक भोकं पडायची. वायू आत शिरू नये म्हणून आम्ही आयुष्यभर जीव टाकला, आणि ही पोरगी तो मुद्दाम आत घालतेय. मी तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, ‘‘काका, एकदा वर येऊन बघा तरी.’’

दुपारची वेळ होती, दार अजून उघडलं नव्हतं. उन्हाचा पट्टा थेट काउंटरवर पडला होता. तिनं काचेचा उंच ग्लास नळाखाली तिरका धरला आणि नळाची मूठ पुढं ओढली. काळी बिअर यायला हवी होती, पण ग्लासात उतरलं ते दुधाळ तपकिरी काहीतरी. ग्लास पाऊण भरला तेव्हा तिनं मूठ बंद केली आणि तो उन्हात ठेवला.

मी बघत राहिलो. तळातून काळेपणा वर चढायला लागला. वर पांढरट साय जमत होती, आणि काचेच्या कडेनं बारीक बारीक बुडबुडे खाली चालले होते. खाली! थरामागून थर, न थांबता. बुडबुडा वर जातो हे शेंबड्या पोरालाही कळतं. साच्यात वायू अडकला की तो वर येतो, वरच भोक पाडतो. आणि हे हजारो बुडबुडे माझ्या डोळ्यांदेखत खाली बुडत होते आणि तरी फेस वर वाढत होता. माझ्या अंगावर काटा आला. लोखंड पहिल्यांदा भट्टीतून पडताना बघितलं होतं, त्यानंतर इतक्या वर्षांत असं काही झालं नव्हतं.

‘‘हे उलटं कसं?’’ मी विचारलं.

तिनं समजावलं. नायट्रोजनचे बुडबुडे फार बारीक असतात, त्यांच्यात स्वतःचं बळ कमी. ग्लास वर रुंद होत जातो, त्यामुळं बुडबुड्यांची गर्दी मधे असते आणि तिथून ते बिअरला घेऊन वर जातात. वर गेलेली बिअर कुठंतरी परत यायलाच हवी, ती कडेनं खाली येते. कडेला जे बारीक बुडबुडे असतात त्यांना ती आपल्याबरोबर ओढत खाली नेते. मधला चढ आपल्याला दिसत नाही, कडेचा उतार दिसतो.

मला ते लगेच पटलं नाही. मी सरळ उभ्या कडांचा एक ग्लास मागून घेतला, तिनं तो भरून दिला आणि मी तो हातात तिरका धरला. खालच्या अंगाच्या काचेवरून बुडबुडे खाली घसरत होते आणि वरच्या अंगाच्या काचेला लागून वर पळत होते. एकाच ग्लासात, एकाच वेळी, दोन्ही वाटा. मी ग्लास दुसऱ्या बाजूला कलवला, तशा वाटाही बदलल्या. बुडबुडे विरेपर्यंत मी तो खेळ करत बसलो.

मग तिनं अजून एक गंमत केली. एकाच पिंपातून दोन ग्लास भरले आणि कुठला कसा भरला ते न दाखवता पुढं ठेवले. एक प्यालो तर जिभेला कडू, करपट, पाणचट, शिळ्या कोऱ्या चहासारखा. दुसरा मऊ, सायीसारखा, आणि कडूपणा मागून हळूच येणारा. मी छातीठोकपणे सांगितलं की ह्या दोन वेगळ्या बिअर आहेत. ती म्हणाली, ‘‘बिअर एकच आहे, काका. फक्त ओतणं वेगळं.’’ पहिला ग्लास तिनं साध्या नळातून, काचेला चिकटवून, फेस न येऊ देता भरला होता. दुसऱ्याच्या नळात बारीक भोकांची चकती होती, त्यातून घुसताना बिअरमधला वायू मोकळा होतो. बाकी फरक काहीच नव्हता.

फक्त ओतणं वेगळं. जन्मभर आम्ही ओतणं चुकू नये म्हणून ओतलं. चांगलं ओतलं तर लोखंड जसं असायचं तसं राहायचं, एवढीच आमची शाबासकी. इथं ओतण्यानं चव जन्माला येत होती. मी तिथंच म्हणालो, ‘‘मॅडम, हा नळ मला शिकवा.’’

तिला माणूस हवाच होता. स्टाउटचे ग्लास परत यायला लागले होते. आपल्याकडं फेस म्हणजे फसवणूक. ग्लास तिरका धरून फेसाचा ठिपकाही न येऊ देता भरला तर तो वाढणारा हुशार, असं गिऱ्हाईक मानतं. ‘ओ, अर्धा फेस दिलाय राव, बिअर भरा ना’ असं रोज ऐकू यायचं. नेहमीचे वेटर घाईत एका दमात भरायचे आणि वरचा फेस पळीनं उडवून द्यायचे. मालक म्हणाला होता, येत्या रविवारी दुपारी मी स्वतः येतो. स्टाउट नीट मिळाली तर ठेवू, नाही तर त्या नळाला आंब्याची बिअर लावा. मॅडमनं मला सरळ सांगितलं, ‘‘तुमचा हात बसला तर रविवारपासून हा नळ तुमचा. नाही बसला तर नळच राहणार नाही.’’ म्हणजे मी परत तळघरात, प्रेशरच्या काट्याकडं बघत. ते तळघर आणि चाकणची ती काचेची खोली, मला दोन्हीत फरक दिसत नव्हता.

शिकताना माझ्याच तोंडाला फेस आला. पहिली चूक ग्लासांची. मी हौसेनं सगळे ग्लास भांड्यांच्या साबणानं घासले, फडक्यानं पुसून आरशासारखे केले. त्या दिवशी प्रत्येक ग्लासातला फेस मेला. साबणाचा न दिसणारा पापुद्रा आणि फडक्याचे धागे फेसाला खाऊन टाकतात. मॅडमनं ओल्या ग्लासात आतून मीठ भुरभुरलं. जिथं साबण होता तिथं मीठ चिकटलंच नाही, टक्कल पडल्यासारखे डाग दिसले. त्यानंतर ग्लास नुसत्या गार पाण्यानं विसळून, पालथे घालून, वाऱ्यावर वाळवायचे, पुसायचे नाहीत असं ठरलं. दुसरी चूक गारपणाची. मला वाटायचं बिअर जितकी गार तितकी चांगली. फार गार झाली की जीभ बधिर होते आणि भाजल्या सातूचा वास झोपून जातो. हे मी दोन ग्लास पिऊन स्वतः तपासलं आणि बायकोला सांगितलं नाही.

पण खरी अडचण हाताची होती. ही बिअर दोन टप्प्यांत ओतायची असते. पाऊण ग्लास भरायचा, धार तोडायची, फेस बसेपर्यंत वाट बघायची, मग वरचा भाग हळू भरून काठावर फेसाचा घुमट आणायचा. धार तोडायची! माझा हात ते ऐकेना. पाऊण ग्लास झाला की डोक्यात सांधा दिसायचा आणि हात ओततच राहायचा. ग्लास भरून वाहायचा. काउंटरवर, माझ्या चपलांवर, सगळीकडं काळी बिअर. मी नळाला दोष दिला, नाचता येईना अंगण वाकडं. मॅडम बाजूला उभी राहून अगदी प्रेमानं म्हणायची, ‘‘काका, थांबा.’’ आणि त्या शब्दावर माझा हात असा हिसका खायचा की एकदा मुठीसकट नळच हलला, एकदा ग्लास फुटला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, माझा हात तर ताक बघूनच पळत होता.

शेवटी मी तिला फाउंड्रीतला तो नियम सांगितला आणि पायावरचा डागही दाखवला. मग तिनं तो शब्द टाकून दिला. खाकरून बघितलं, काउंटरवर टिचकी मारून बघितलं, काही लागू पडलं नाही. गिऱ्हाइकाला ‘थांबा, बिअर बसू द्या’ असं सांगायचं असतं, तेही मला म्हणता येईना. ‘जरा दम धरा’ म्हणायचो, तर लोकांना वाटायचं काका चिडलेत.

शनिवारी मी देहूरोडला चाचाकडं गेलो. त्याचा मुलगा गॅरेज चालवतो, तिथंच तो खुर्ची टाकून बसला होता. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. मी सगळं सांगितलं. तो खूप हसला.

‘‘म्हंजी धार तोडायची, तवाच माल चांगला?’’

‘‘होय.’’

‘‘आन आपन येवडी वर्सं...’’ तो परत हसला. मग म्हणाला, ‘‘उद्या येतो. मी पिनार न्हाई. पर बगायला काय हरकत हाय?’’

रविवारी तो दार उघडण्याआधीच आला. इस्त्रीचा सदरा, डोळ्याला काळा चष्मा. मॅडमनं त्याला काउंटरच्या कडेला उंच स्टुलावर बसवलं आणि लिंबू सरबत दिलं. त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला. मी ग्लास विसळला, तिरका धरला, मूठ ओढली. ग्लासात दुधाळ तपकिरी रंग वर चढायला लागला. चाचाचा चांगला डोळा त्या चढत्या काठावर होता. मी त्याच्याकडं बघत नव्हतो, तरी तो कुठं बघतोय हे मला ठाऊक होतं.

‘‘आलं,’’ चाचा म्हणाला.

आणि माझा हात थांबला. हिसका नाही, थरथर नाही. मूठ आपोआप जागेवर गेली, लॅडल सरळ व्हायची तशी. त्याच्या जुन्या सवयीप्रमाणं तो जरासं आधीच म्हणाला होता, आणि ते जरासं आधी म्हणजे बरोबर पाऊण ग्लास होतं. मॅडमनं टाळ्या वाजवल्या. चाचाला काय झालं ते कळेना, तो म्हणाला, ‘‘भरला न्हाई अजून. उगं बोललो का?’’

ग्लास बसला. मी मूठ उलटी ढकलून वरचा भाग सावकाश भरला, फेस काठाच्या वर आला आणि सांडला नाही. मग मी ग्लास उजेडात धरून सांधा शोधला. आधीची धार कुठं संपली, नंतरची कुठं सुरू झाली, काहीतरी रेघ दिसेल म्हणून वरखाली बघितलं. रेघ नव्हती. मधे एवढा वेळ धार तुटलेली होती आणि सगळं एकजीव झालं होतं. मी ग्लास फिरवून फिरवून बघितला. माझा विश्वासच बसत नव्हता.

मालक दुपारी आला. मी ओतलं, चाचा ‘आलं’ म्हणाला, फेस बसला, वर घुमट चढला. मालक बोलत बोलत प्यायला, आणि प्रत्येक घोटागणिक फेसाची एक कडी काचेला चिकटून राहिली, ग्लास स्वच्छ आणि फेस घट्ट असला तरच राहते तशी. त्यानं रिकामा ग्लास उचलून त्या कड्या बघितल्या आणि मॅडमला म्हणाला, ‘‘नळ यांच्याकडंच असू दे.’’

तो गेल्यावर मॅडम माझ्याजवळ आली. खालच्या आवाजात म्हणाली, ‘‘काका, उद्यापासून चाचा नसणार.’’

ते मलाही ठाऊक होतं. आनंद व्हायच्या आतच तो काटा टोचत होता. नळ माझा झाला होता, पण तो अर्धा चाचाच्या तोंडात होता.

चाचानं ते ऐकलं असावं. जागा भरत चालली होती, वेटरनं स्टाउटची ऑर्डर आणली. मी ग्लास धरला, मूठ ओढली आणि कान चाचाकडं लावले. काठ चढत होता. चाचा सरबताच्या ग्लासातली लिंबाची बी काढण्यात गुंग झाल्याचं सोंग करत होता. त्याच्या तोंडातून शब्द येईना. काठ अजून चढला. डोक्यात तो सांधा दिसायला लागला, हात ओततच राहणार होता, आणि माझ्याच तोंडातून आवाज आला, ‘‘आलं.’’

मूठ बंद झाली. पाऊण ग्लास.

मी तो काउंटरवर ठेवला. चाचा सरबत सोडून पुढं वाकला. चांगला डोळा त्यानं काचेच्या इतका जवळ नेला की काचेवर त्याचा श्वास उमटला. बुडबुडे कडेनं खाली निघाले होते, थरामागून थर.

‘‘हे खाली चाललंय?’’

‘‘होय.’’

‘‘आन फेस वर येतोय?’’

‘‘होय.’’

‘‘या अल्ला,’’ तो हळूच म्हणाला. भट्टीच्या उजेडानं ज्या डोळ्याची वाट लावली होती, तोच डोळा आता इतक्या बारीक बुडबुड्यांमागं लहान मुलासारखा फिरत होता.

वेटर घाई करत होता. ‘‘काका, टेबलावर वाट बघतायत.’’ फेस अजून पुरता बसला नव्हता, पण मी वरचा भाग भरायला हात पुढं केला आणि ग्लास उचलला.

‘‘थांब,’’ चाचा म्हणाला.

फाउंड्री सुटल्यावर पहिल्यांदाच तो शब्द त्याच्या तोंडून आला होता. माझ्या बोटांत पाऊण भरलेला ग्लास होता. मी वाट बघितली. हिसका आला नाही. वरचा फेस नुसता हलला, एक थेंबही खाली पडला नाही.

‘‘थांब, भावा,’’ तो नजर न हलवता म्हणाला. ‘‘अजून बगू दे.’’

मी ग्लास होता तिथं परत ठेवला. वेटरकडं वळलो आणि म्हणालो, ‘‘त्यांना सांग, जरा थांबा.’’ मग काउंटरवर कोपरं टेकून मीही चाचाच्या शेजारी वाकलो.